छप्पर खणल्याचा प्रसंग, शुभवर्तमानातील

छप्पर खणल्याचा प्रसंग, शुभवर्तमानातील : बायबलच्या नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमानात (२ : १–१२) आलेल्या एका रोगमुक्तीच्या कथेतील लहानसा, पण दीर्घकाळ वादाचा विषय झालेला तपशील. गालील प्रांतातील कफर्णहूम या गावी येशू ख्रिस्त एका घरात उपदेश करीत असता चार माणसांनी एका पक्षघाती रुग्णास तेथे उचलून आणले. दारापाशीही उभे राहण्यास जागा नव्हती. तेव्हा ते घरावर चढले, त्यांनी छप्पर खणून वाट केली आणि रुग्णास अंथरुणासह खाली सोडले, असे मार्क सांगतो. छप्पर उतरवता येते, मोडता येते, जाळताही येते. ते ‘खणता’ कसे येईल, हा प्रश्न उतरत्या छपरांच्या प्रदेशातील वाचकांना सतत पडत आला. काहींनी त्यावरून संपूर्ण कथाच अविश्वसनीय ठरविली, तर काहींनी मूळ शब्दांना वेगळा अर्थ देऊन अडचण टाळली. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील, म्हणजे खानदेशातील, धाब्याच्या घरांशी परिचित असलेल्या वाचकास मात्र ह्या क्रियापदात फारसे गूढ असे काही नाही. प्रस्तुत नोंदीत ह्या तपशिलाच्या अर्थनिर्णयाचा इतिहास आणि त्यावर खानदेशी घराच्या रचनेमुळे पडणारा प्रकाश यांचा विचार केला आहे.

मूळ वृत्तांत व पाठभेद : ही कथा मार्क, मत्तय (९ : १–८) व लूक (५ : १७–२६) या तिन्ही शुभवर्तमानांत आढळते; तथापि छपराविषयीचा मजकूर तिघांत सारखा नाही. मार्कच्या ग्रीक संहितेत दोन क्रियापदे लागोपाठ येतात. पहिले ‘आपेस्तेगासान’, म्हणजे त्यांनी छप्पर काढले. दुसरे ‘एक्सोरुक्सान्तेस’, म्हणजे खणून किंवा उकरून काढून. हे दुसरे क्रियापद नव्या करारात अन्यत्र एकदाच, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (४ : १५), डोळे उपटून काढण्याच्या संदर्भात आले आहे. त्यातील जोर लक्षात घेता मार्कला नुसते आच्छादन बाजूला सारणे अभिप्रेत नसावे, हे उघड होते.

लूकच्या वृत्तांतात खणण्याचा उल्लेख नाही. तेथे ती माणसे घरावर चढून रुग्णास ‘कौलांमधून’ (ग्रीक ‘केरामोन’) खाली सोडतात. मत्तयने तर घर, गर्दी व छप्पर हे सर्वच गाळले आहे. काही लोकांनी पक्षघाती माणसास येशूकडे आणले, एवढेच तो सांगतो. मात्र त्यांचा विश्वास पाहून येशू रुग्णाशी बोलला, हे वाक्य तिन्ही शुभवर्तमानांत आहे. रुग्णाच्या अंथरुणासाठीही तिघांचे शब्द भिन्न आहेत. मार्क ‘क्राबात्तोस’ हा गरिबाच्या साध्या अंथरुणाचा वाचक असा काहीसा ग्राम्य शब्द वापरतो, मत्तय ‘क्लिने’ म्हणजे पलंग किंवा खाट असे म्हणतो, तर लूक ‘क्लिनिदिओन’ म्हणजे लहान खाट हे रूप योजतो.

आक्षेप : अठराव्या शतकात यूरोपात चमत्कारकथांची बुद्धिवादी चिकित्सा सुरू झाली, तेव्हा हा तपशील टीकाकारांच्या हाती आयताच सापडला. इंग्रज लेखक टॉमस वुल्स्टन याने १७२७ पासून प्रसिद्ध केलेल्या चमत्कारविषयक निबंधांत ह्या कथेची थट्टा केली. कौले व वासे काढू लागल्यावर खाली बसलेल्यांची डोकी फुटली नसतील काय, घरमालक स्वस्थ कसा बसला, आणि गर्दी ओसरेपर्यंत थोडा वेळ थांबणे अशक्य होते काय, असे त्याच्या आक्षेपांचे स्वरूप होते. ह्या लेखनाबद्दल १७२९ मध्ये त्यास धर्मनिंदेच्या आरोपावरून शिक्षा झाली.

जर्मन विचारवंत डाव्हिट फ्रीड्रिख श्ट्राउस (१८०८–७४) याने १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या येशूच्या चरित्रात अधिक पद्धतशीर भूमिका घेतली. त्याच्या मते मत्तयचा साधा वृत्तांत आधीचा होता. लूकने त्यात कौलांची भर घातली आणि मार्कने सर्वांत शेवटी ‘खणण्याची’ अतिशयोक्ती केली. म्हणजे ज्या तपशिलात इतरांना प्रत्यक्षदर्शी माणसाची खूण दिसत होती, त्यात श्ट्राउसला कथेची वाढ दिसली. ह्या तर्काचा पाया मार्कचे शुभवर्तमान सर्वांत उत्तरकालीन आहे, हा होता. आज बहुसंख्य अभ्यासक मार्कलाच सर्वांत प्राचीन मानतात व त्याचा काळ इ. स. ६५ ते ७५ च्या सुमारास ठरवितात. मत्तय व लूक यांनी त्याचा आधार घेतला, असेही मानले जाते. हा क्रम स्वीकारला, की प्रश्न उलटतो : मार्कने ‘खणणे’ का घातले, हा प्रश्न न राहता, लूकने ते काढून त्या जागी ‘कौले’ का घातली, असा प्रश्न उभा राहतो.

पर्यायी स्पष्टीकरणे : उत्तर आफ्रिका व लेव्हँट या प्रदेशांत प्रवास केलेला टॉमस शॉ (१६९४–१७५१) याने १७३८ च्या आपल्या प्रवासग्रंथात असे सुचविले, की येशू घराच्या आत नसून चौकात बसला असावा व चौकावर ताणलेले कापडी छत बाजूला सारून रुग्णास खाली सोडले असावे. ह्या उपपत्तीने मोडतोडीचा प्रश्न सुटतो. पण कापड कोणी खणत नाही. पौर्वात्य भाषांचा व्यासंगी यूलिउस वेलहाउझेन (१८४४–१९१८) याने मूळ अरामी परंपरेत ‘त्यास छपरावर नेले’ अशा अर्थाचे शब्द असावेत आणि ग्रीकमध्ये आणताना त्यांचा अर्थ ‘छप्पर काढले’ असा चुकीने केला गेला असावा, असा तर्क मांडला. तो भाषिक दृष्ट्या चतुर आहे. परंतु रुग्ण छपरावरून आत कसा आला, हे त्यामुळे उलगडत नाही.

हेडविग यानो (१८७९–१९४४) या विदुषीने १९२५ मध्ये एका लेखात निराळीच दिशा सुचविली. रोग भूतबाधेमुळे होतो, अशी समजूत असलेल्या अनेक समाजांत रुग्णास किंवा मृतास नेहमीच्या दाराने न नेता मुद्दाम पाडलेल्या भोकातून नेतात, म्हणजे त्या भुतास घराची खरी वाट कळत नाही. कफर्णहूमच्या कथेत ह्या विधीचा विसरलेला अवशेष असावा आणि गर्दीचे कारण नंतर जोडले गेले असावे, असे तिचे प्रतिपादन होते. लोकसमजुतींच्या अभ्यासाच्या दृष्टीने हा लेख महत्त्वाचा आहे. तथापि त्या उपपत्तीस कथेत प्रत्यक्ष आधार नाही. कारण मार्क इतरत्र भूतबाधेचा उच्चार स्पष्टपणे करतो, येथे मात्र करीत नाही. यानो ही यहुदी वंशाची असल्यामुळे नाझी राजवटीत तिला टेरेझीनश्टाट येथील छळछावणीत पाठविण्यात आले व तेथेच तिचा अंत झाला.

ह्या सर्व उपपत्तींत एक गोष्ट समान आहे. छप्पर खणणे ही व्यवहारात न घडणारी, म्हणून अन्य कशाने तरी उलगडून दाखवावी लागणारी गोष्ट आहे, असे त्या गृहीत धरतात. हे गृहीतच तपासून पाहणे आवश्यक आहे.

गालीलमधील घर : कफर्णहूमचे अवशेष गालील समुद्राच्या वायव्य काठावर तेल हूम या ठिकाणी आहेत. १८९४ मध्ये फ्रान्सिस्कन संघाने ही जागा विकत घेतली आणि १९६८ पासून व्हिर्जील्यो कोर्बो व स्तानिस्लाओ लोफ्रेदा यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले. तेथील घरे काळ्या बेसाल्ट दगडाची असून एका सामाईक चौकाभोवती लहानलहान खोल्या, अशी त्यांची रचना आहे. भिंती ओबडधोबड दगडांच्या, चुन्याविना रचलेल्या आहेत. चौकातून छपरावर जाण्यासाठी बाहेरून दगडी जिने होते. अशा भिंतींवर जड बांधीव छत टिकणे शक्य नसल्याने लाकडी तुळया, त्यांवर फांद्या व बोरू आणि सर्वांवर चोपलेली माती असे सपाट छप्पर असले पाहिजे, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. ह्यांपैकी एका घरातील खोलीस पहिल्या शतकाच्या अखेरीपासून गिलावा करून विशेष महत्त्व दिलेले दिसते व पाचव्या शतकात तिच्यावर अष्टकोनी चर्च उभारण्यात आले. परंपरा ते पेत्राचे घर मानते.

लिखित पुराव्यातूनही मातीच्या सपाट छपराचेच चित्र उभे राहते. जुन्या करारात नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, अशी आज्ञा आहे (अनुवाद २२ : ८). यरीहो येथील राहाबेने हेरांना आपल्या घरावर वाळत घातलेल्या तागाच्या काड्यांत लपविले (यहोशवा २ : ६). छपरावर उगवून लगेच वाळणाऱ्या गवताची उपमा स्तोत्रसंहितेत आहे (१२९ : ६), कौलांवर किंवा दगडी छतावर ती सहज सुचणारी नाही. इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्रीय संहितेत छप्पर दाबण्याचा दगडी रूळ हातून सुटून खाली पडल्याने मृत्यू घडला तर काय करावे, याचा विचार अनवधानाने झालेल्या मनुष्यवधाच्या प्रकरणात केलेला आहे. पावसानंतर भेगाळलेली माती रुळाने पुन्हा दाबून बसविणे, हे त्या प्रदेशातील नित्याचे काम होते.

छप्पर उकरल्याचे दुसरे उदाहरणही उपलब्ध आहे. यहुदी इतिहासकार जोसीफस (सु. ३७–१००) याने हेरोडच्या एका लढाईचे वर्णन करताना, शत्रुसैनिक दडून बसलेल्या घरांची छपरे उकरून काढल्यावर खालच्या खोल्या सैनिकांनी गच्च भरलेल्या दिसल्या, असे लिहिले आहे. अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम टॉमसन (१८०६–९४) याने लेबाननमध्ये अनेक वर्षे राहून १८५९ मध्ये त्या प्रदेशावर ग्रंथ लिहिला. असे छप्पर उघडणे आपण पाहिले आहे व स्वतःही केले आहे, मात्र त्यात धूळ फार उडते, अशी व्यवहारी नोंद त्याने केली आहे.

खानदेशातील धाबे : खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले, तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले. धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. तापी व तिच्या उपनद्यांच्या मैदानी भागात पाऊस बेताचा, सु. ५५ ते ७५ सेंमी. पडतो व उन्हाळा अत्यंत कडक असतो. अशा हवामानात जाड मातीचे सपाट छप्पर सोयीचे ठरते. त्यास मराठीत धाबे व अहिराणीत धाबं म्हणतात. मराठवाड्यात व सोलापूरकडे याच्याशी मिळताजुळता प्रकार माळवद या नावाने ओळखला जातो. कफर्णहूमप्रमाणे हा प्रदेशही बेसाल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा आहे, हे साम्यही लक्षणीय आहे.

धाब्याची रचना पुढीलप्रमाणे असते : भिंतींवर व लाकडी खांबांवर तुळया टाकतात; तुळयांवर आडव्या कड्या ठेवतात; कड्यांवर फळ्या किंवा किलच्या अंथरतात; त्यांवर कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, निंबाचा पाला यांपैकी जे मिळेल त्याचा थर देतात आणि सर्वांत वर वीतभर किंवा त्याहून जाड मातीचा थर चोपून बसवितात. पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती टाकण्याचा प्रघात आहे. तीतील क्षारांमुळे गवत सहसा रुजत नाही आणि पहिल्या सरी पडताच माती घट्ट बसून पाणी झिरपत नाही. छपराला बेताचा उतार देऊन पाणी पन्हळीवाटे बाहेर काढतात. उजेड आत यावा व धूर बाहेर जावा म्हणून पुष्कळ घरांच्या धाब्यास साणे नावाचे भोक ठेवलेले असते. धान्य, मिरच्या, पापड, कुरडया वाळविणे, उन्हाळ्यात रात्री झोपणे, शेजारच्या धाब्यावरील माणसाशी बोलणे, अशी कितीतरी कामे धाब्यावर चालतात.

अशा घराच्या संदर्भात ‘खणणे’ हेच नेमके क्रियापद आहे. धाबे गळू लागले किंवा त्याखालील कडी वाळवीने खाल्ली, की त्या जागेची माती कुदळीने उकरून काड्यांचा थर बाजूला करतात, कडी बदलतात आणि पुन्हा माती टाकून चोपतात. ही मोडतोड नसून दुरुस्तीच्या कामातील एक टप्पा असतो. धाब्याचे एखादे पाख उघडले म्हणजे घर पडत नाही. काढलेली मातीच पुन्हा कामी येते. वुल्स्टनच्या मनात इंग्लंडमधील उंच, उतरते छप्पर होते. म्हणून त्यास वासे कोसळताना व कौले डोक्यांवर पडताना दिसली. खानदेशातील शेतकऱ्यास त्या जागी एक कुदळ, एक टोपले आणि बरीच धूळ दिसली असती.

लूकची कौले : खानदेशाच्या मैदानात धाबे आढळते, तर अधिक पावसाच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात, साक्री तालुक्याचा पश्चिम भाग व नवापूर येथे, गवताची किंवा कौलांची उतरती छपरे दिसतात. मैदानातील गोष्ट डोंगरातील माणसाने सांगितली, तर छपराचा प्रकार आपोआप बदलण्याचा संभव असतो. लूकच्या बाबतीत असेच काहीसे घडलेले दिसते. तो ग्रीकभाषी नगरांतील वाचकांसाठी लिहीत होता व तेथील घरे कौलारू होती. छपरातून घरात शिरणे म्हणजे ‘कौलांमधून’ शिरणे, ही भाषा रोमन जगात रूढ होती, सिसरोने इ. स. पू. ४४ मध्ये मार्क अँटनीवर केलेल्या टीकेत, तो रात्री एका मित्राच्या घरात कौलांमधून उतरत असे, असा उल्लेख आहे. म्हणून लूकच्या कौलांकडे चूक म्हणून न पाहता परक्या घराचे आपल्या वाचकांसाठी केलेले भाषांतर म्हणून पाहणे अधिक योग्य होय.

यातून एक निष्कर्ष निघतो. दुसऱ्या शतकापासूनच्या परंपरेनुसार मार्कने आपले शुभवर्तमान पेत्राच्या आठवणींवरून लिहिले व त्याचा संबंध रोमशी जोडला जातो. रोम हेही कौलारू छपरांचे शहर होते. तेथील वाचकांसाठी लिहिताना कोणी नवा तपशील कल्पिला असता, तर त्याने कौले काढली असती. छप्पर खणले नसते. ‘खणणे’ हा शब्द मातीच्या छपराखाली राहणाऱ्या लोकांच्या तोंडून आलेला असावा आणि मार्कने तो न बदलता ठेवला असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते. श्ट्राउसला जी अतिशयोक्ती वाटली, ती बहुधा कथेतील सर्वांत जुनी व स्थानिक खूण आहे.

तुलनेच्या मर्यादा : हे साम्य उपयुक्त असले, तरी त्यावरून किती अनुमान काढावे याला मर्यादा आहेत. कफर्णहूमची घरे लहान व छपरे हलकी होती. खानदेशातील वाड्याचे धाबे त्या मानाने जड व जाड असते. शिवाय धाब्यातील दोन कड्यांमधील अंतर थोडे असते. त्यातून खाटेसह माणूस खाली कसा सोडता येईल, ही अडचण खरी आहे आणि मार्क तिचा खुलासा करीत नाही. येथे अंथरुणासाठी त्याने वापरलेल्या शब्दाचा विचार करावा लागतो. बरा झाल्यावर तो माणूस ते अंथरूण स्वतः उचलून सर्वांदेखत बाहेर पडतो. म्हणजे ते चार पायांच्या जड खाटेपेक्षा गुंडाळता येण्याजोगे वाकळ-चटईसारखे असणे अधिक संभवनीय वाटते. सातपुड्यातील दुर्गम पाड्यांवरून रुग्णास बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणण्याची पद्धत खानदेशाला परिचित आहे. चार कोपऱ्यांना धरून सोडलेले अंथरूणही झोळीचाच आकार घेते व त्यास लागणारी वाट खाटेपेक्षा अरुंद पुरते. तरीही एखादी कडी सरकवावी लागली असेल. हे अनुमान आहे. संहितेचे विधान नव्हे.

त्याचप्रमाणे छप्पर खणणे शक्य होते, एवढ्यावरून पक्षघाती माणूस बरा झाला, हे सिद्ध होत नाही. रोगमुक्तीचा प्रश्न श्रद्धेचा व स्वतंत्र चिकित्सेचा आहे. तुलनेने एवढेच घडते, की ‘असे छप्पर असूच शकत नाही’ हा आक्षेप उरत नाही आणि कथा कोणत्या भूमीत घडलेली म्हणून सांगितली गेली, हे निश्चित होते. आक्षेप दूर होणे व घटना सिद्ध होणे यांतील हा फरक श्रद्धाळू भाष्यकारांनी अनेकदा पाळलेला नाही; टीकाकारांनी नेमकी उलट चूक केली.

तपशिलाचा अर्थ : छपराचा प्रकार निश्चित झाल्यावर कथेतील एका वाक्याला नवे वजन येते. येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला, असे तिन्ही शुभवर्तमाने सांगतात. विश्वास ही अंतःकरणातील गोष्ट; ती ‘पाहिली’ कशी? मार्कच्या कथेत ह्याचे उत्तर डोक्यावरच आहे. खाली बसलेल्यांच्या अंगावर माती गळू लागते, मग उजेडाची तिरीप येते, मग चार माणसांचे हात दिसतात. विश्वास येथे भावना किंवा मत म्हणून न येता उकरलेल्या मातीच्या रूपाने दिसतो. रूडोल्फ बुल्टमान (१८८४–१९७६) या जर्मन अभ्यासकाने १९२१ च्या आपल्या ग्रंथात ह्या कथेचे दोन थर पाडले. पापक्षमेविषयी शास्त्र्यांशी झालेला वाद त्याने नंतरची भर मानला. छपराचा प्रसंग मात्र मूळ रोगमुक्तिकथेतील असून तो विश्वासाचेच बाह्य रूप आहे, असे त्याचे मत होते.

मत्तयने छप्पर गाळले, पण विश्वास पाहिल्याचे वाक्य ठेवले. त्यामुळे त्याच्या कथेत ते वाक्य काहीसे निराधार होते; रुग्णास आणणे ही कोणीही करील अशी गोष्ट, तीत पाहण्यासारखे विशेष काय होते, हे वाचकास कळत नाही. मत्तयच्या वाक्याच्या पाठीमागे मार्कचे छप्पर उभे आहे, हे यावरून दिसते. क्षुल्लक वाटणारा तपशील काढून टाकल्यास महत्त्वाच्या वाक्याचा आधार कसा जातो, याचे हे चांगले उदाहरण होय.

आणखी एक बाब संहितेत नाही, पण धाब्याखाली राहणाऱ्यास ती सुचल्याशिवाय राहत नाही. भोक बुजविण्याचे काम कोणाचे? मार्क त्याविषयी मौन पाळतो. घरधन्याची तक्रारही तो नोंदवीत नाही. मातीचे छप्पर शेजाऱ्यांच्या मदतीने थोड्या वेळात पूर्ववत करता येते, म्हणून हानी मोठी नव्हती. पण ती अगदी नव्हती असेही नाही. दुसऱ्याच्या घराला हात लावूनच त्या चौघांना आपल्या माणसाचे काम साधावे लागले. परंपरेप्रमाणे ते घर पेत्राचे असेल, तर धूळ शिष्याच्याच घरात पडली. बॅबिलोनियन तालमुदात राव हुना या विद्वानाची तिरडी दारातून निघेना, तेव्हा ती छपरावरून काढण्याची सूचना झाली. परंतु विद्वानाचा मान दारानेच जाण्यात आहे, असे म्हणून ती नाकारण्यात आली, अशी कथा आहे. दार हा मानाचा मार्ग आणि छप्पर हा नाइलाजाचा, ही समजूत दोन्ही कथांमागे आहे. कफर्णहूमच्या चौघांनी मानाचा विचार केला नाही.

मराठी भाषांतराचा प्रश्न : सेरामपूर येथील मिशनऱ्यांनी नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये प्रसिद्ध केले, त्यानंतर अमेरिकन मराठी मिशन, बायबल सोसायटी व पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या प्रयत्नांतून अनेक भाषांतरे झाली. मराठी भाषांतरांत ह्या ठिकाणी सामान्यतः छप्पर हा शब्द येतो. तो व्यापक असला, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गवताचे किंवा कौलांचे उतरते छत उभे करतो आणि मग ‘खणणे’ हे क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. मराठीत छप्पर, कौलार, माळवद, धाबे, गच्ची असे वेगवेगळे शब्द असून प्रत्येकामागे एक प्रदेश आहे. कोकणातील वाचकास मार्कचे घर समजावून सांगावे लागते. खानदेशात, जेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स व स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांचे कार्य चालू होते, तेथील श्रोत्यास ‘धाबे’ म्हटल्याबरोबर ते कळते. येथे ग्रीक संहितेची अडचण भाषांतराच्या भाषेने नव्हे, तर बोलीच्या शब्दाने सुटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खानदेशातील धाब्याची जागा पत्रे व सिमेंटचे स्लॅब घेत गेले. लाकूड महागले, दरवर्षी खारी टाकण्यास मनुष्यबळ मिळेनासे झाले आणि ओल व वाळवी यांमुळे जुनी घरे पडत गेली. ‘धाब्यावर बसविणे’, म्हणजे एखादी गोष्ट बेपर्वाईने बाजूस टाकणे, हा वाक्प्रचार मराठीत टिकून आहे. पण तो वापरणाऱ्या अनेकांनी धाबे पाहिलेले नसते. स्लॅबच्या घरात वाढलेल्या वाचकास छप्पर खणण्याची गोष्ट अठराव्या शतकातील इंग्रज वाचकाइतकीच चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. म्हणून धाब्याची बांधणी, तिचे शब्द व तिची दुरुस्ती यांची नोंद ठेवणे हे लोकजीवनाच्या अभ्यासाइतकेच प्राचीन ग्रंथांच्या अर्थनिर्णयाच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे.